भटारखान्याच्या कनातीचं जहाज

आयुष्यभर मी खोट्या इमारती बांधल्या आणि ठरल्या दिवशी उतरवल्या. माझं बांधलेलं काही आपोआप पडलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. एक स्टेज पडलं होतं, पण त्यात माझा दोष नव्हता. मला पुढाऱ्यासाठी आणि त्याच्या चार माणसांसाठी स्टेज सांगितलं होतं आणि हार घालायला अख्खा तालुका वर चढला.

अहेरीत आमचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. आता ते माझी मुलं चालवतात. त्यांनी पाटीवर ‘इव्हेंट’ असं लिहून घेतलंय, लोखंडी सांगाडा नटबोल्टांनी जोडतात आणि त्यावर छापील चित्रं ताणतात. काम झटपट होतं, सुबक दिसतं. मला मात्र ते बघताना दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आमच्या वेळी मांडव म्हणजे बांबू, दोरी आणि कापड. खिळा मारायचा नाही, कारण खिळा खाल्लेला बांबू पुढच्या वर्षी नेमका तिथेच फाटतो. गाठ अशी मारायची की वादळात सुटू नये, आणि मांडव काढताना मात्र एका ओढीत सुटावी. ही गाठ मारणारा माझा जोडीदार सोमा. तो प्राणहितेच्या काठचा, जाळी विणणाऱ्या ढिवराच्या घरातला. माझ्याकडे बांबू बांधायला आला आणि म्हातारा होईपर्यंत राहिला. त्याची गाठ आम्हा दोघांपैकी फक्त त्यालाच मारता येते. मी मालक असल्यामुळे ते बाहेर कुणाला सांगत नव्हतो.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट माहीत नसते, ती म्हणजे गोदामातल्या थप्प्या. लग्नाच्या कापडाची थप्पी वेगळी, सभेची वेगळी. पांढऱ्या कापडाची तिसरी थप्पी. ती प्रवचनाला चालते आणि तेरवीलाही चालते. एका गिऱ्हाइकाला आईच्या तेरवीत वर ताणलेलं छत इतकं आवडलं की पोरीच्या लग्नात त्यानं तेच मागितलं. म्हणाला, “भाऊ, त्या छताखाली मले लय शांत वाटलं होतं.” मी त्याला गुलाबी झालर लावून तेच दिलं. वरमाईनं कौतुक केलं.

चौथी थप्पी गिऱ्हाइकाला कधीही दाखवायची नसते. ती भटारखान्याची. ज्या कनातीला डाग पडला, भोक पडलं, तिची बदली आचाऱ्याच्या चुलीपाशी होते, सरकारी माणसाची गडचिरोलीला होते तशी. तिथून ती परत वर येत नाही. प्रत्येक लग्नात सरपणाचा धूर, तेलाची वाफ आणि फोडणीचा ठसका खाऊन खाऊन तिला एक राखाडी रंग चढतो. तो रंग कुठल्या दुकानात मिळत नाही आणि धुतला तरी पूर्ण जात नाही. वासही जात नाही. आजची कथा या चौथ्या थप्पीची आहे.

मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली गावं आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगाल सोडून निघालेली ही माणसं कॅम्पामागून कॅम्प बघत शेवटी आमच्या जंगलात येऊन वसली. आता त्यांची नातवंडं आमच्यासारखीच बोलतात, पण दुर्गापूजा आली की गाव पुन्हा बंगाली होतं. त्यांचा मांडव दरवर्षी कशाची तरी हुबेहूब नक्कल असतो. मी त्यांना महाल बांधून दिलाय, गुहा दिलीय, एकदा तर विमानतळ दिलाय.

त्या वर्षी त्यातल्या एका गावच्या पूजा मंडळाचा अध्यक्ष बिप्लब दुकानात आला. मोबाइल दुरुस्तीवाला, तरतरीत माणूस. म्हणाला, “रशीदभाऊ, यंदा जहाज पायजे. साधं नाई. विलायतेचं.”

सोमा मागे दोरी भिजवत बसला होता. त्यानं विचारलं, “नदीतलं का समुद्रातलं?”

“समुद्रातलं.”

“मंग तुमच्यापैकी कोणी समुद्र पाह्यला काय?”

कुणी पाहिला नव्हता. मी एकदा मुंबईला गेलो असताना पाहिला होता, पण तेव्हा ओहोटी होती आणि मला चिखलच जास्त दिसला. जहाजाचा खरा जाणकार गावात एकच होता. निताईदादू. नव्वदीकडे झुकलेला, काठीसारखा सरळ म्हातारा. त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी एका मोठ्या विलायती जहाजावर आगवाला होता. म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा टाकणारा. लहानगा निताई आईच्या कडेवर बसून कलकत्त्याच्या धक्क्यावर त्याला पोचवायला गेला होता. तेवढं एकदाच त्यानं ते जहाज पाहिलं, आणि मग उरलेलं आयुष्य त्यानं त्याच्या गोष्टी सांगण्यात घालवलं. गावात कुणाला झोप येत नसेल तर दादूकडे पाठवायचे.

पुरावा म्हणून दादूकडे एक चमचा होता. जाड, चांदीसारखा, दांड्यावर जहाजाचं नाव कोरलेला. बापानं तो पहिल्या वर्गाच्या जेवणघरातून उचलून आणला होता. घरदार सुटलं, सीमा ओलांडली, कॅम्पात बाप गेला, पण चमचा राहिला. जहाजाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण चमचा चोरीचा आहे आणि मूळ मालकाचा कुणी वारस असेल तर उगाच मागायला यायचा.

आणखी एक मान दादूकडे होता. आरतीच्या वेळी नारळाच्या काथ्यात आणि राळेत निखारे घालून मातीच्या धुपाटण्यात धूर करतात, त्याला ते धुनुची म्हणतात. अष्टमीच्या संध्याकाळची पहिली धुनुची गावात दादूच्याच हातानं पेटायची. आगवाल्याचा पोरगा, आग त्याच्याच हातची, असा गावाचा रिवाज पडला होता.

आम्ही कामाला लागलो आणि दादू रोज काठी टेकत देखरेखीला येऊ लागला. लोकांना देवी समोरून दिसावी म्हणून मी जहाजाच्या टोकालाच दार काढलं होतं. दादूनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अरे रशीद, जहाजच्या नाकात भोक? पानी घुसेल ना!”

सोमा बांबूवरून ओरडला, “दादू, इथी पाणी कुठी हाये? तलावात बी नाई.”

“जहाज समजून बांध बाबा. मंडप समजून नको.”

दार बाजूला गेलं. वर चढायला उतरती फळी आली. गोल खिडक्यांसाठी आम्ही जेवणाच्या स्टीलच्या थाळ्या लावल्या, धुराड्यासाठी तट्ट्या गुंडाळल्या. सोमाला नदीतला डोंगा, म्हणजे लाकडी होडी, तेवढीच ठाऊक; त्याला हे सगळं पटत नव्हतं. “डोंग्याले खिडक्या कायले पायजे?” असं तो मला रोज विचारायचा.

रंगाबद्दल मात्र कुणी कुणाला विचारलं नाही, आणि तिथेच सगळं अंगाशी आलं. बिप्लबनं चमच्यावरचं नाव फोनमध्ये टाकून जहाजाचा फोटो शोधून काढला होता. पांढरंशुभ्र जहाज, वर छत्र्या, टोप्या घातलेल्या मडमा. त्यानं मला पांढरं सांगितलं आणि मी तिसरी थप्पी चुण्या घालून चढवली. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीतून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ तिच्यावर बसायची, म्हणून सोमा सकाळ-संध्याकाळ ती झटकायचा.

कापड चढत होतं तेव्हा दादू तापानं घरीच होता. पंचमीला तो आला आणि थांबलाच. “ये किसका जहाज हाये?”

“तुमचंच ना, दादू,” बिप्लब म्हणाला.

“माझं नाई. माझं राखसारखं होतं. पूरा. खिडकी पण, धुराडं पण.”

बिप्लबनं त्याला चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळ्यांसमोर फोन पुढे केला. फोटोखाली जहाजाचं नाव, चमच्यावर तेच नाव. टपरीवरची माणसं हसली. इतक्या वर्षांच्या गोष्टींचं उट्टं काढायची संधी मिळाली होती. एक जण म्हणाला, “दादू, तुमचा बाप दुसऱ्याच जहाजावर चढला होता काय?” दुसरा म्हणाला, “चमचा बी आठवडी बाजारातला असन.”

दादूनं चमचा धोतराच्या गाठीला बांधला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की यंदा धुनुचीला माझा हात गृहीत धरू नका.

हसणाऱ्यांची तोंडं उतरली. धुनुची दुसऱ्या कुणी पेटवली असती तर जग बुडणार नव्हतं, पण गावाला ते करवेना. मला तर फार वाईट वाटलं. त्या माणसाकडे बापाचं दुसरं काही नव्हतं. ना जमीन, ना फोटो. होतं ते एक जहाज, आणि ते आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत खोटं ठरवलं होतं. माझ्या कापडानं ठरवलं होतं.

मी आणि बिप्लब तोंडं पाडून बसलो होतो. सोमा बिडी ओढत म्हणाला, “आमच्या डोंग्याले डांबर मारलं का काळा दिसते. मारायच्या आंधी पिवळा रायते. डोंगा तं तोच.”

बिप्लबनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्यानं पुन्हा फोन काढला. या वेळी जहाजाच्या नावापुढे युद्ध असं टाकलं.  मग फोन माझ्या हातात दिला. तेच जहाज. धुराड्यापासून पाण्यापर्यंत राखाडी, आणि कठड्याला मुंग्या लागाव्यात तसे सैनिक.

खाली लिहिलेलं त्यानं आम्हाला मराठीत सांगितलं. हे जहाज साहेबलोकांची विलायतेहून हिंदुस्थानात ने-आण करायला बांधलेलं. नाचघर होतं, पियानो होता, जेवताना बँड वाजायचा. युद्ध लागलं तसं सरकारनं ते ताब्यात घेतलं. पियानो उतरवला. शत्रूच्या नजरेत येऊ नये म्हणून सगळ्यावर राखाडी रंग फासला, खिडक्यासुद्धा काळ्या केल्या. नाचघरात झोळ्या टांगून सैनिक झोपवले. लढाई संपल्यावर ते पुन्हा पांढरं झालं, पुन्हा मडमा आल्या, आणि म्हातारं झाल्यावर कुठल्याशा किनाऱ्यावर नेऊन मोडून भंगारात घातलं.

सोमा म्हणाला, “म्हंजे आपल्या कनातीसारखंच. लग्नाची, मंग चुलीची, मंग फडकी.”

माफी मागायला बिप्लबचे पाय उचलेनात, म्हणून त्यानं मला पुढे केलं. मांडववाल्याला सगळी कामं येतात असा लोकांचा समज असतो. दादू ओसरीवर पाठ करून बसला होता. मी फोटो दाखवला. त्यानं डोळ्यांजवळ धरला, दूर धरला, अंगठ्यानं पुसला. पण राग काही उतरला नव्हता.

“ये हाये. आता ते पांढरं उतरव.”

“दादू, दोन्ही जहाज एकच हाये. पांढरं बी खरं, हे बी खरं.”

“पांढऱ्यात माझा बाबा नव्हता, रशीद. पांढरं होतं तवा साहेब होते. राखसारखं झालं तवा माझा बाबा चढला. मले तेच पायजे.”

 षष्ठी उजाडली होती. पांढरं कापड चढलं होतं, त्यावर दिवे लागले होते, आणि राखाडी कापड अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नव्हतं. राखाडी रंगाचं लग्न कुणी करत नाही. परतीच्या वाटेवर सोमानं माझ्याकडे तिरकं बघितलं आणि मला चौथी थप्पी आठवली.

टेम्पोत कनाती चढवताना माझ्या बेगमनं दारातून पाहिलं. “देवीच्या मांडवाले भटारखान्याचा कपडा? आचारी बी त्याले नाक पुसते!”

“नाक नाई पुसत, हात पुसते,” मी म्हटलं.

“मंग तं लयच पवित्र झाला!” तिनं गुलाबपाण्याची बाटली आणून दिली. मी ती सगळी शिंपडली. त्यामुळे बिर्याणीचा वास गेला नाही, उलट बिर्याणी ताजी झाल्यासारखी वाटली.

पुजारी ठाकूरमोशाय टेम्पोजवळ आले आणि त्यांनी हुंगलं. माझा जीव भांड्यात पडायला तयार नव्हता. आमच्यातल्या लग्नांचा, इतरांच्या लग्नांचा, सगळ्यांच्या जेवणांचा धूर त्या कापडात होता. मी आधीच सांगून टाकलं, “महाराज, हे स्वयंपाकाच्या जागेचं हाये. चालत नसन तं परत नेतो.”

त्यांनी पुन्हा हुंगलं. “कितने शादी का हाये?”

“मोजले नाई.”

“इतके लोग जेवले, कोणी उपाशी गेला नाई. मां को और क्या चाहिए? बाहेरून लावा. गाभाऱ्यात नको.” आणि जाता जाता त्यांनी तिसऱ्यांदा हुंगलं, ते मला वाटतं धर्मासाठी नव्हतं.

ठरलं असं. दोन दिवस जहाज पांढरं राहील आणि अष्टमीच्या आरतीला युद्ध लागेल. आम्ही कनाती गुंडाळून कठड्याच्या कडेनं लपवल्या आणि सोमानं त्यांना आपल्या गाठी मारल्या. सगळ्या दोऱ्या एकात ओवल्या. म्हणजे एक ओढ दिली की सगळं जहाज एकदम रंग बदलणार. आयुष्यात इतका घाबरून मी कुठलाच मांडव बांधला नव्हता.

अष्टमीला दिवस कलला. ढाक, म्हणजे त्यांचे मोठे ढोल, वाजू लागले. दादू येईल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. तो आला, धुतलेलं धोतर नेसून, पण फळीपाशी येऊन थांबला. पुढे येईना. समोर पांढरंच जहाज होतं. बिप्लब त्याच्यापुढे गेला, खाली वाकला आणि दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. म्हणाला, “दादू, माझं चुकलं. आता तुमीच सरकार. घ्या ताब्यात.”

दादूनं ओढ दिली. सोमाच्या गाठी सुटत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कनाती धाडधाड खाली आल्या. पांढरं गेलं. समोर धुरकट, डागाळलेलं, ओबडधोबड असं एक राखाडी जहाज उभं होतं. ढाकवालेसुद्धा थांबले. दादू तोंड उघडं टाकून बघत होता, आणि मला खात्री आहे, त्या क्षणी तो आईच्या कडेवर होता.

मग तो गरजला, “आग कुठी हाये?”

धुनुची आम्ही धुराड्याच्या खाली ठेवायचं ठरवलं होतं, एक नाही, बऱ्याच. दादूनं काथ्या भरला, राळ टाकली, निखारे घातले आणि बापाच्या जागी बसून फुंकू लागला. धुराड्यातून असा धूर निघाला की गाव नाचायला लागलं. हा धूर शेजारच्या गावानंही पाहिला. त्यांना वाटलं, बंगाल्यांचा मांडव पेटला. माणुसकीची माणसं ती. ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर लावून धावत आली, आणि आम्ही “अरे थांबा, थांबा!” म्हणेपर्यंत त्यांनी जहाजावर पाइप धरला.

राखाडी कनाती ओल्या झाल्या आणि त्यांच्यातून इतक्या वर्षांची सगळी लग्नं एकदम बाहेर पडली. डाळ, मटण, बुंदी, जळलेला भात. आरती चालू असताना लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. मी डोक्याला हात लावून बसलो. सोमा म्हणाला, “भाऊ, आता पाणी भेटलं.” दादू काजळी लागलेल्या तोंडानं बाहेर आला, ठिबकणाऱ्या कनातीकडे बघून हसत सुटला. “बराबर! आता समुद्रात हाये!”

दुसऱ्या दिवशी नवमीच्या जेवणाला दादूनं पंगतीत बसायला नकार दिला. त्याला वरच्या मजल्यावर, जिथे पहिला वर्ग असतो तिथे बसायचं होतं. सोमानं आणि मी त्याला फळीवरून हाताला धरून चढवलं. बिप्लबनं वर खिचडीचं ताट नेलं. दादूनं धोतराची गाठ सोडून चमचा काढला.

“बाबा यानं कधी जेवला नाई,” तो मला म्हणाला. “चोरीचा हाये, घास अटकते, असं म्हणे. पण आता चमचा जहाजातच हाये ना? मंग चोरीचा कसा?”

आणि आगवाल्याचा पोरगा पहिल्या वर्गात बसून चमच्यानं खिचडी जेवला. खाली टपरीवरची तीच माणसं मान वर करून बघत होती. कुणी हसलं नाही. मी कनातीच्या आड जाऊन डोळे पुसले. धूर गेला असेल.

दशमीला देवी गेली आणि आम्ही जहाज मोडायला घेतलं. दादू खुर्ची टाकून शेवटची घडी होईपर्यंत बसला. एका कनातीच्या घडीला त्यानं स्वतः हात लावला. मला वाटलं, निरोप घेतोय.

लग्नसराई लागली. आलापल्लीला एका लग्नात आचाऱ्यानं चुलीमागे कनात उलगडली आणि ओरडला, “रशीदभाऊ, तुमच्या कपड्यात भांडे निघून राह्यले!” चमचा होता.

मी काम सोडून मुलचेऱ्याला गेलो. म्हटलं, दादू शोधून शोधून अर्धा झाला असेल. तो ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. मी चमचा पुढे धरला, त्यानं हात पुढे केला नाही.

“मीच ठेवला. बाबा जाताना बोलले होते, निताई, जहाज भेटलं तं परत दे. भेटलं, दिला.”

“दादू, पण ती माझी भटारखान्याची कनात हाये.”

“हाये ना. आन् माझ्या बाबाचं जहाज बी तेच हाये. माझं ओझं उतरलं, आता तुझं तू पाय.”

सोमानं तो चमचा कनातीच्या काठात शिवून टाकला, आपल्या जाळ्याच्या गाठीनं, जी ओढली तरी सुटत नाही. मुलं म्हणतात, ती कनात आता फाटली, फेकून द्या. मी देत नाही. अजूनही ती लग्नात चुलीपाशीच उभी असते, धूर खात. नवा आचारी आला की विचारतो, या कपड्यात हे काय टोचते? मी त्याला सांगतो, जहाजाचं सामान हाये बाबा, हात लावायचा नाई.